पिंपरीची पुडी : स्ट्रेप्टोसायक्लीनची कुळकथा

महाराष्ट्रातील कृषी सेवा केंद्रांत कीटकनाशकांच्या बाटल्यांशेजारी सहा ग्रॅमची एक लहानशी पुडी अनेक दशके विकली गेली आहे. डाळिंब, लिंबू, भात आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना ती 'स्ट्रेप्टोसायक्लीन' या नावाने परिचित असून, हे नाव कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतही रूढ झाले आहे. पुडीतील भुकटीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसीन सल्फेट आणि एक भाग टेट्रासायक्लीन हायड्रोक्लोराइड असते. ही दोन्ही द्रव्ये मुळात माणसाच्या आजारांवरची प्रतिजैविके, म्हणजे सूक्ष्मजीवांनीच निर्माण केलेली आणि इतर सूक्ष्मजीवांना मारणारी किंवा रोखून धरणारी औषधे आहेत. रुग्णालयासाठी घडलेले औषध शेतापर्यंत कोणत्या वाटेने आले, या प्रश्नाचे उत्तर पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या इतिहासात आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील वनस्पतिरोगशास्त्राच्या परंपरेत सापडते.

या औषधाची गरज समजण्यासाठी आधी पिकांच्या रोगांतील एक भेद लक्षात घ्यावा लागतो. पिकांचे बहुसंख्य रोग बुरशीमुळे होतात आणि बुरशीवर १८८५ पासून बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद व चुना यांचे पाण्यातील मिश्रण, हे प्रभावी साधन उपलब्ध होते. मात्र तांब्याचे हे द्रव्य पानाच्या पृष्ठभागावर राहून बाहेरून येणाऱ्या रोगबीजाला अडवते, तर जिवाणू पानाच्या छिद्रांतून किंवा जखमेतून आत शिरले की पेशींच्या मधल्या जागेत आणि काही रोगांत पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढतात, जेथे तांबे पुरेसे पोहोचत नाही. भातावरील कडा करप्याचा जिवाणू पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून, म्हणजे जास्तीचे पाणी थेंबाथेंबाने बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून, आत जातो आणि नलिकांत पसरतो, म्हणून पानाची कड वरून खाली नागमोडी रेषेत पिवळी पडून वाळते. अशा पानाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरला, तर कापलेल्या टोकातून जिवाणूंची दुधाळ धार पाण्यात उतरताना नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि शेताच्या बांधावरही रोगाचे निदान करता येते. ही धार म्हणजे नलिकेत साठलेली जिवाणूंची वस्ती असल्याने, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वनस्पतिरोगशास्त्रज्ञ पानाच्या आत शिरून काम करणाऱ्या औषधाच्या शोधात होते.

तसे औषध प्रथम माणसासाठी सापडले. अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ मध्ये मातीतील एका तंतुमय जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसीन वेगळे केले आणि क्षयरोगावर परिणामकारक ठरलेले ते पहिले प्रतिजैविक होते. पुडीच्या दुसऱ्या घटकाचा वंश तर वनस्पतिरोगशास्त्रातूनच निघतो. टेट्रासायक्लीन गटातील पहिले औषध शोधणारे बेंजामिन डगर हे उमेदीची वर्षे वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांच्या अभ्यासात घालवलेले शास्त्रज्ञ होते, आणि निवृत्तीनंतर लेडर्ले कंपनीत मातीचे नमुने तपासताना त्यांना सापडलेल्या क्लोरटेट्रासायक्लीनची घोषणा १९४८ मध्ये झाली. त्या रेणूतील क्लोरीन काढून लॉइड कॉनोवर यांनी काही वर्षांतच टेट्रासायक्लीन तयार केले. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत सफरचंद व नासपतीच्या 'फायर ब्लाइट' या जिवाणूजन्य करप्यावर स्ट्रेप्टोमायसीन वापरात आले आणि त्यात ऑक्सिटेट्रासायक्लीनचा थोडा अंश मिसळलेले 'ॲग्रिमायसीन' बाजारात मिळू लागले. मोठा भाग स्ट्रेप्टोमायसीनचा आणि लहान भाग टेट्रासायक्लीन गटातील औषधाचा, ही पिंपरीच्या पुडीची मांडणी त्याच जोडीच्या वळणाची आहे.

भारतात प्रतिजैविकांची निर्मिती आणि वनस्पतिरोगशास्त्र या दोन धाग्यांची गाठ पिंपरीला पडली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पुण्याजवळच्या पिंपरी या तेव्हाच्या खेड्यात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. औद्योगिक वसाहत, वाहननिर्मितीचे कारखाने आणि चाकणपर्यंत पसरलेला आजचा पट्टा उभा राहण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, आणि पिंपरी-चिंचवड नगरपालिकेचा जन्मही त्यानंतरचा, १९७० चा आहे. प्रतिजैविकांचा कारखाना म्हणजे मुळात सूक्ष्मजीवांची अतिशय शिस्तबद्ध शेती असते. निवडलेले वाण, नेमके खाद्य, मोजून दिलेली हवा आणि परक्या जंतूंपासून राखण, या चार गोष्टींवर प्रचंड टाक्यांतील पीक अवलंबून असते. त्यामुळे अशा कारखान्याला रसायनशास्त्रज्ञांइतकीच बुरशी व जिवाणू ओळखणाऱ्यांची गरज लागते आणि त्या काळी भारतात हे ज्ञान मुख्यतः वनस्पतिरोगशास्त्रज्ञांकडे होते.

कारखान्याच्या संशोधन विभागाचे प्रमुख झालेले एम. जे. थिरुमलाचार (१९१४-१९९९) हे याचे उत्तम उदाहरण होते. तांबेरा आणि काणी या पिकांच्या रोगांना कारणीभूत असलेल्या बुरशींचे ते जाणकार अभ्यासक होते. पिंपरीत त्यांनी मातीच्या नमुन्यांतून नवी प्रतिजैविके शोधण्याचे काम उभे केले, त्यातून माणसाच्या बुरशीजन्य आजारांवरचे हॅमायसीन निघाले आणि ते निर्माण करणाऱ्या जिवाणूला 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे गावाचेच नाव मिळाले. १९६७ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक लाभले ते वैद्यकशास्त्रातील कार्यासाठी. बुरशींच्या अभ्यासकाला वैद्यकाचा सन्मान मिळावा, यात त्या प्रयोगशाळेचे स्वरूप स्पष्ट होते, कारण तेथे शेत आणि रुग्णालय यांच्यात भिंत नव्हती.

गाठीचा दुसरा धागा पुणे शहरात होता. कृषी महाविद्यालयाशी निगडित संशोधनशाळेत एम. के. पटेल आणि त्यांचे सहकारी १९४० च्या दशकापासून 'झँथोमोनास' या पिवळ्या जिवाणूंच्या कुळाचा अभ्यास करीत होते आणि भारतातील अनेक पिकांवरील व रानटी झाडांवरील या कुळातील रोगजंतूंची शास्त्रीय वर्णने त्यांनी प्रथम प्रसिद्ध केली. लिंबावरील खैऱ्या, भातावरील कडा करपा, कापसावरील कोनात्मक ठिपके आणि डाळिंबावरील तेलकट डाग हे सारे रोग याच कुळाचे आहेत. थिरुमलाचार, पटेल, कुलकर्णी आणि धांडे यांनी १९५६ मध्ये भारतात आढळणाऱ्या ३२ झँथोमोनासांवर निरनिराळ्या प्रतिजैविकांचा परिणाम तपासून तो 'फायटोपॅथॉलॉजी' या नियतकालिकात मांडला. अशा चाचणीची रीत साधी असते. काचेच्या बशीतील पोषक थरावर जिवाणू पसरून त्यात औषध ठेवतात, आणि जिवाणू वाढू न शकल्यामुळे औषधाभोवती जे स्वच्छ वर्तुळ उरते, त्याच्या व्यासावरून औषधाचा जोर ठरवतात. पुण्याच्या संग्रहातील जिवाणू आणि प्रतिजैविकांचे ज्ञान यांची ही भेट पुडीच्या कुळकथेतील निर्णायक पायरी मानावी लागते. १९५९ मध्ये श्रीनिवासन, थिरुमलाचार आणि पटेल यांनी भातावरील कडा करप्याची भारतातील नोंद 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केली. हा रोग कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, १९५१ मध्ये दिसला होता आणि १९६३ मध्ये बिहारमध्ये त्याची मोठी साथ आली.

१९६० च्या दशकात पिंपरीत स्ट्रेप्टोमायसीनचे उत्पादन सुरू झाल्यावर पिकांसाठीच्या मिश्रणाला लागणारा मुख्य घटक घरचाच झाला आणि 'स्ट्रेप्टोसायक्लीन' शेतात पोहोचले. त्याच प्रयोगशाळेतून १९६४ मध्ये जाहीर झालेले 'ऑरिओफंगीन' हे त्याचे भावंड होते. बुरशीच्या पेशीपटलातील विशिष्ट स्निग्ध द्रव्याला चिकटून पटलाला भोके पाडणारे हे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसाबरोबर फिरणारे प्रतिजैविक भातावरील करपा आणि लिंबूवर्गीय झाडांवरील डिंक्या या रोगांसाठी वापरले गेले. तमिळनाडूत तर नारळाच्या खोडकुजीवर २ ग्रॅम ऑरिओफंगीन-सॉल आणि १ ग्रॅम मोरचूद १०० मिलिलिटर पाण्यात मिसळून जिवंत मुळाला पाजण्याची पद्धत शिफारशीत आली.

स्ट्रेप्टोसायक्लीनमधील दोन्ही घटक जिवाणूच्या एकाच यंत्रणेवर, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमवर, निरनिराळ्या रीतीने आघात करतात. स्ट्रेप्टोमायसीनमुळे जनुकातील संदेश चुकीचा वाचला जाऊन सदोष प्रथिने तयार होतात, तर टेट्रासायक्लीन प्रथिनांचे घटक रायबोसोमपर्यंत येण्याची वाटच अडवते. एका औषधाला न जुमानणारा जिवाणू दुसऱ्याच्या तावडीतून सुटू नये, हा जोडीमागचा हेतू होता. १० लिटर पाण्याला १ ग्रॅम हे फवारणीचे रूढ प्रमाण दशलक्ष भागांत १०० भाग भरते. १५ लिटरच्या पंपाला दीड ग्रॅम लागते, त्यामुळे एका पुडीत चार पंप होतात, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत फवारल्यास पानाच्या बाहेर तांबे व आत प्रतिजैविक अशी दुहेरी राखण होते.

औषधाचे नाव घराघरांत पोहोचवले ते मात्र डाळिंबाने. डाळिंबावरील जिवाणूजन्य करपा दिल्लीत १९५२ मध्येच नोंदवला गेला असला, तरी महाराष्ट्रात तो २००० नंतर सोलापूर, सांगली व नाशिकच्या बागांत 'तेल्या' या नावाने थैमान घालू लागला. पानांवर व फळांवर तेल सांडल्यासारखे डाग पडतात आणि डाग वाढला की फळ तडकून विक्रीच्या कामाचे राहत नाही. सोलापूरला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि बागायतदारांच्या फवारणीच्या वेळापत्रकात पिंपरीची पुडी वारंवार येऊ लागली. वास्तविक केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे या मिश्रणाची नोंदणी सफरचंद, घेवडा, लिंबूवर्गीय फळे, बटाटा, भात, चहा, तंबाखू आणि टोमॅटो या आठ पिकांपुरतीच होती, त्यांत डाळिंबही नव्हते आणि कापूसही नव्हता. वापर नोंदणीच्या पुढे गेला होता, कारण रोग नोंदणीची वाट पाहत नव्हता आणि जिवाणूंवर चालणारे पर्याय मोजकेच होते.

शेत आणि रुग्णालय यांच्या ज्या नात्यातून हे औषध जन्मले, त्याच नात्याने पुढे त्याला घेरले. फायर ब्लाइटचा जिवाणू स्ट्रेप्टोमायसीनला दाद देत नसल्याचे अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७१ मध्येच आढळले होते. असा प्रतिकार दोन मार्गांनी येतो. जिवाणूच्या स्वतःच्या जनुकात बदल होतो, किंवा औषध निकामी करणारी जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, आणि या दुसऱ्या प्रकारची स्ट्रेप्टोमायसीनविरोधी जनुके पिकांच्या तसेच माणसांच्या रोगजंतूंतही सारखीच सापडली आहेत. क्षयाच्या जिवाणूत प्रतिकार प्रामुख्याने पहिल्या मार्गाने येत असल्यामुळे शेतातील फवारणीतून थेट क्षयाचे औषध निकामी होते असे सरळ म्हणता येत नाही, परंतु माती, पाणी आणि शेतमजुराच्या शरीरातील असंख्य इतर जिवाणूंना ते विधान लागू पडत नाही. क्षयाचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या देशात हा धोका पत्करू नये, अशी भूमिका बळावली आणि केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये मसुदा आदेश काढून १ फेब्रुवारी २०२२ पासून उत्पादन व आयात आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीतील वापर बंद करण्याचा प्रस्ताव मांडला.

फवारणीला पर्याय शोधणारे संशोधन आता औषधाऐवजी झाडाकडे वळले आहे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने भात संशोधन संस्थेसह 'सांबा मसुरी' या लोकप्रिय भातात कडा करप्याला रोखणारी तीन जनुके संकराने आणून सुधारित वाण दिले. त्यात जनुके तीन घेण्यामागचे कारण पुडीतील दोन औषधांमागच्या कारणासारखेच आहे, ते म्हणजे एक अडथळा ओलांडणाऱ्या जिवाणूला पुढचा अडवावा. डाळिंबात बहार कोणता धरावा, छाटणी कशी करावी आणि रोगट फांद्या बागेबाहेर नेऊन जाळाव्यात, या खबरदाऱ्यांना फवारणीइतकेच महत्त्व आले आहे. पिंपरीच्या प्रयोगशाळेने शेत आणि रुग्णालय यांच्यातील भिंत पाडली, त्याचा लाभ पिकांना अर्धशतकाहून अधिक काळ मिळाला. जिवाणूंच्या जगात तशी भिंत कधीच नव्हती, आणि म्हणून पिकाच्या औषधाचा विचार यापुढे माणसाच्या औषधापासून तोडून करता येणार नाही, हा या कुळकथेचा निष्कर्ष आहे.