कामठ्याचा पाऊस आणि पाण्याची मालकी

शाळेत असताना भूगोलाच्या गुरुजींनी आम्हाला उष्ण कटिबंधातील मळ्यांची शेती शिकवली होती. आसामचा चहा, मलायाचे रबर, क्यूबाचा ऊस. तिची लक्षणे आम्ही पाठ केली होती: उष्ण हवा, भरपूर पाऊस, एकच पीक, दूरची बाजारपेठ आणि स्वस्त मजूर. हवा आणि पाऊस निसर्ग देतो, हे कळत होते. मजूर स्वस्त कोण करतो, हा प्रश्न मात्र पुस्तकात नव्हता. तो मला पुढे माझ्याच गावाचा, कामठ्याचा, इतिहास वाचताना पडला.

कामठा हे गोंदिया तालुक्यातले, वैनगंगेच्या खोऱ्यातले गाव. कर्कवृत्ताच्या दक्षिणेचा हा सपाट, भातशेतीचा प्रदेश. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. जूनच्या मध्यानंतर बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे पट्टे पाऊस घेऊन येतात. वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या पावसाच्या मुलखात तहान आणि उपासमार कशी राहिली, हे हवामानाच्या तक्त्यावरून कळत नाही. त्यासाठी जमीन कोणाची होती, हे पाहावे लागते.

कामठा ही जुन्या भंडारा जिल्ह्यातली मोठी जमीनदारी. १८१८ मध्ये कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध उठला. त्याचा पाडाव झाला आणि जमीनदारी इंग्रजांना अनुकूल असलेल्या लोधी घराण्याकडे गेली. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. या उलथापालथीचा इतिहास लिहिला गेला आहे. पण जमीनदार कुणबी असो की लोधी, बांधीत वाकून रोवणी करणारे हात तेच राहिले. त्या हातांचा इतिहास कोणी लिहिला?

आमच्याकडे मातीची जात पाहून धान लावतात. खोलगट भागातली सिहार आणि मोरंड माती धानाला चांगली, कारण तिथे बांध घातला की पाणी साचते. उंचवट्यावरची जमीन बरड. तलावाचे पाणी उतारावरून आधी खोलगट बांध्यांत जाते. माझ्या आज्याकडे होता तो तुकडा बरडातला. पाऊस दहा दिवस थांबला की तलावाखालचे धान हिरवे असे आणि आमचे पऱ्हे जागीच पिवळे पडत. आजी म्हणायची, "पाणी त साऱ्यायवरच पडते बाबू, पर थांबते ज्याच्या बांधीत त्याचाच होते." भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात मला इतकी नेमकी गोष्ट सापडली नाही.

आमच्या वस्तीत पूर्वी माग होते. विदर्भातले अनेक महार जाडेभरडे कापड विणून जगत. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांतच नागपूरहून पूर्वेकडे आगगाडी धावू लागली. गोंदिया रेल्वेचे मोठे स्थानक झाले. आगगाडीने धान बाहेर नेला आणि गिरणीचे कापड आत आणले. माग बंद पडले तसा विणकर रोजंदारीच्या शेतमजुरीवर आला. मजूर स्वस्त झाला तो असा. यात उष्ण हवेचा काय दोष?

मग ऋतू हेच त्याचे मालक झाले. आषाढ-श्रावणात चिखलात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, त्यानंतर चुरणा. रानाला लागून असलेल्या सालेकसा, देवरी, अर्जुनीकडच्या गावांत मे महिन्यात तेंदूची पाने. भर उन्हाच्या आधी पहाटे रानात जायचे, पाने तोडायची, घरी बसून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा. असे हजार पुडे झाले की एक प्रमाण गोणी. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत बाया दारात सूप घेऊन विड्या वळत. पान इथल्या रानाचे, तंबाखू गुजरातचा नाही तर निपाणीकडचा, विडी ओढणारा कुठल्या तरी दूरच्या शहरातला. मोबदला हजार विड्यांमागे, आणि त्यातूनही छाट म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जात. गुरुजींनी सांगितलेल्या मळ्याच्या लक्षणांतले काय इथे नव्हते? मळ्याला कुंपण असते, आमच्या मळ्याला ते नव्हते, एवढाच फरक. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी कायदा झाला. पण घरात बसून विडी वळणाऱ्या बाईला आपण कामगार आहोत हे पटवून देण्यातच कार्यकर्त्यांची वर्षे गेली.

३१ मार्च १९५१ रोजी जमीनदारी आणि मालगुजारी कायद्याने संपली. तलाव सरकारकडे आले. मात्र जुन्या मालकांची घरशेती त्यांच्याकडेच राहिली, आणि ही घरशेती बहुधा तलावाखालचीच, उत्तम मातीची होती. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला तलाव सरकारी झाल्याने काय मिळाले? सिंचनाचा हक्क शेताबरोबर चालतो. शेत नाही, त्याला पाणी नाही. पुढे तलावांत गाळ साचला, पाळी फुटल्या, तेव्हा दुरुस्तीला मजूर म्हणून मात्र त्यालाच बोलावले गेले.

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. माणूस म्हणून पाणी पिण्याचा हक्क त्या दिवशी आम्ही मागितला नाही, बजावला. पण पिण्याचे पाणी आणि पिकवण्याचे पाणी हे दोन वेगळे हक्क आहेत. दुसऱ्या हक्काची वाट जमिनीवरून जाते. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह या अर्थाने महाडचेच पुढचे पाऊल होते. ते पाऊल अर्ध्यावर राहिले आहे.

१९९९ मध्ये गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. पाऊस अजूनही पूर्वेकडूनच येतो. म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना माझी एक विनंती आहे. आपल्या गावाचा भूगोल शिकवताना नकाशावर तलाव काढा, त्याखालच्या बांध्या काढा आणि प्रत्येक बांधीत सातबाऱ्यावरचे नाव लिहा. तलाठ्याकडून गावचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागून घ्या. पाणी, चराई आणि मासेमारीचे गावाचे हक्क त्यांत नोंदलेले असतात. आमच्या वस्तीचे नाव त्या नकाशावर कुठे येते ते पाहा. पावसाचे आकडे त्यानंतर पाठ केले तरी चालतील.