मंत्राचा अधिकार : एक ऐतिहासिक विचार



गडनदीच्या एका तीरावर भरतगड आणि पैलतीरावर भगवंतगड, मध्ये खाडीचे संथ पाणी आणि दोन्ही बाजूंस माडांच्या राया, हे मसुऱ्याचे चित्र आपणां सर्वांच्या मनात कोरलेले आहे. पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेला चाकरमानी सुद्धा वर्षातून एकदा या मातीस पाय लावल्यावाचून राहत नाही. याच मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीचे स्थान आहे. तिच्या जत्रेस आज लाखो माणसे लोटतात; परंतु त्या जत्रेची तिथी कोणत्याही पंचांगात छापलेली नसते. देवीचा कौल घ्यावयाचा, तिची आज्ञा झाली की दिवस ठरवावयाचा, ही तेथील रीत आहे. शास्त्री, ज्योतिषी अथवा ग्रंथ यांपैकी कोणाचेही प्रमाण तेथे विचारले जात नाही.

आपल्या ग्रामदेवतांपुढे जे गाऱ्हाणे घातले जाते, तेही संस्कृतात नसते. घरच्या बोलीत, जणू घरच्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावे तसे ते घातले जाते आणि जमलेली मंडळी त्याला एका आवाजात होकार देतात. त्याच गावातील त्याच माणसांच्या घरी श्रावणी असो, सत्यनारायण असो वा श्राद्धपक्ष असो, भटजींस बोलावून मंत्रोच्चारांसह विधी होतो. एकाच माणसाच्या धर्मजीवनात कौल, गाऱ्हाणे, पोथी आणि मंत्र अशी चार प्रमाणे सुखाने नांदत आली आहेत. मात्र यांपैकी मंत्र कोणी म्हणावा, कोणी ऐकावा आणि कोणाच्या आज्ञेने जपावा, या प्रश्नावर महाराष्ट्रात शतकानुशतके कलह झाला. त्याचा थोडक्यात परामर्श घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. जपाची थोरवी सर्वच ग्रंथांनी गायिली आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व यज्ञांत जपयज्ञ ही आपली विभूति म्हणून सांगितली. पतंजलींनी प्रणवाचा जप त्याच्या अर्थाच्या चिंतनासह करावा असे सूत्र घातले. म्हणजे केवळ ओठांची हालचाल हा जप नव्हे, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले. मनुस्मृतीने विधियज्ञाहून जपयज्ञ दसपट, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप शतपट आणि मानस जप सहस्रपट श्रेष्ठ मानला. पुरश्चरणाचा हिशेबही ठरलेला आहे. मंत्राची जितकी अक्षरे तितके लक्ष जप, त्याच्या दशांशाने हवन, त्याच्या दशांशाने तर्पण, अशी ती उतरती श्रेणी. अठरा अक्षरांचा मंत्र घेऊन एखाद्याने नित्य दहा माळा ओढल्या, तर अठरा लक्ष पूर्ण होण्यास सुमारे साडेचार वर्षे लागतात. संसारी माणसाला हे अशक्य नाही. पण साडेचार वर्षे एकही दिवस न चुकविणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

परंतु ज्या मनुस्मृतीने जपाची थोरवी गायिली, तिनेच वेदमंत्राचे दार समाजाच्या मोठ्या भागास बंद केले. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात श्रीमत् शंकराचार्यांनीही उपनयन नाही त्यास वेदाधिकार नाही, हाच निर्णय दिला. मात्र इतिहास व पुराणे यांच्या द्वारे ज्ञान मिळविण्याचा अधिकार चारही वर्णांस आहे, असे त्याच ठिकाणी म्हटले. वेदोक्त आणि पुराणोक्त हा भेद पुढे आपल्या घराघरांत शिरला, त्याचे मूळ या विचारसरणीत आहे. एकाच देवाची एकच पूजा. पण कोणासाठी वेदातील मंत्र आणि कोणासाठी पुराणातील श्लोक, यावरून माणसाची पायरी ठरू लागली.

महाराष्ट्राच्या संतांनी या बंद दाराशी भांडण मांडले नाही. त्यांनी शेजारीच दुसरे दार उघडले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, श्रीज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका पूर्ण केली. तीत वेदाला संपन्न परंतु कृपण म्हटले आहे, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. त्याची ही उणीव भरून काढण्यास वेदच गीतारूपाने पुन्हा प्रकटला, असा त्यांचा भाव आहे. वेदाचे प्रामाण्य न नाकारता त्याच्यावरील कुलूप काढण्याची ही रीत विलक्षण खरी. पुढे एकनाथमहाराजांनी इ. स. १५७३ मध्ये वाराणसीस भागवताच्या एकादश स्कंधावरील मराठी टीका पूर्ण केली. प्राकृतात असा ग्रंथ लिहिल्याबद्दल तेथील पंडितांनी आक्षेप घेतल्याची कथा सर्वश्रुत आहे.

तुकोबांच्या काळी हा प्रश्न अधिक तीव्र झाला. त्यांस बाबाजी चैतन्यांनी माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, स्वप्नात येऊन रामकृष्णहरी हा मंत्र दिला, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. या मंत्रास ना होम लागतो, ना मुहूर्त, ना उपनयन. गुरु स्वप्नात आलेला, मंत्र सर्वांच्या तोंडचा! अशा मंत्राला प्रमाण कोणते? वाघोलीचे रामेश्वरभट्ट यांनी हाच प्रश्न केला आणि वह्या इंद्रायणीत बुडविण्याची पाळी आली. परंतु पुढे तेच रामेश्वरभट्ट तुकोबांचे शिष्य झाले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

याहून हृदयस्पर्शी वृत्तांत संत बहिणाबाईंचा आहे. इ. स. १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या या ब्राह्मणकन्येचा विवाह बालपणीच तिच्याहून कितीतरी वडील अशा बिजवराशी झाला. पति वेदाध्यायी आणि तापट. कोल्हापुरी असता तिला तुकोबांनी स्वप्नात मंत्र दिला. ब्राह्मण स्त्रीने शूद्राचा उपदेश घेतला, म्हणून पतीचा संताप अनावर झाला आणि तिला मारही सोसावा लागला. वेदाने स्त्रीला दूर ठेवले, तर तिने परमार्थ साधावा कसा, हा प्रश्न तिने आपल्या अभंगांतून विचारला आहे. शेवटी ते दांपत्य देहूस गेले. आपल्या जीवनाची कहाणी तिने स्वतःच लिहून ठेविली म्हणून ती आपणांस कळली.

आता आपल्या परिसराकडे वळू. मसुऱ्याहून फार दूर नसलेल्या माणगावी, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानात, इ. स. १८५४ च्या श्रावणात वासुदेव गणेश टेंबे यांचा जन्म झाला. पुढे हेच परमहंस परिव्राजकाचार्य वासुदेवानंद सरस्वती म्हणून प्रसिद्धीस आले. आजोबांपाशी वेदाध्ययन, नृसिंहवाडीस गोविंदस्वामींकडून मंत्रोपदेश आणि १८८३ साली माणगावी दत्तमंदिराची स्थापना, हा त्यांचा पूर्वक्रम. पत्नीच्या निधनानंतर १८९१ साली त्यांनी संन्यास घेतला, उज्जयिनीस नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि पुढची तेवीस वर्षे वाहनाचा आश्रय न करता पायी भारतभ्रमण केले. १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वर येथे ते ब्रह्मलीन झाले.

स्वामीमहाराजांइतका शास्त्रनिष्ठ पुरुष अर्वाचीन काळात विरळा. आचाराच्या बाबतीत त्यांनी तसूभरही सवलत घेतली नाही. दत्तपुराण आणि द्विसाहस्री गुरुचरित्र हे त्यांचे संस्कृत ग्रंथ त्यांच्या अधिकाराची साक्ष देतात. परंतु त्यांच्याच परंपरेतून महाराष्ट्रास लाभलेला दिगंबरनामाचा अठरा अक्षरी मंत्र पाहा! तो कोणी कानात कुजबुजून घ्यावा लागत नाही. पालखीमागे चालणारा हमाल, दाराशी उभी असलेली सुवासिनी, मांडीवरचे मूल, सर्वजण तो उच्च स्वरात म्हणतात. आम्हांस असे वाटते की, शास्त्राची मर्यादा पाळणाऱ्या महापुरुषाने नामाच्या बाबतीत मर्यादाच ठेविली नाही, यात विसंगति नसून मोठा विवेक आहे. वेदमंत्राचा विधि कडक ठेवला आणि नाम मोकळे सोडले. त्यांच्याच शिष्यपरंपरेतील श्रीरंग अवधूतांनी १९३५ साली गुजरातीत दत्तबावनी रचली. आज ती मराठी घरांतही स्त्रीपुरुष सारख्याच निष्ठेने म्हणतात. त्याच सुमाराच्या पिढीत गोंदवल्याच्या श्रीब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) समर्थांचा त्रयोदशाक्षरी राममंत्र जातपात न पाहता घरोघर पोचविला.

दत्तसंप्रदायाचा आधारग्रंथ जो गुरुचरित्र, त्यातही हे दोन प्रवाह एकत्र आढळतात. सव्वीस-सत्ताविसाव्या अध्यायांत वेदज्ञानाचा गर्व वाहणारे दोन ब्राह्मण येतात. श्रीनृसिंहसरस्वती एका पतितास बोलावून सात रेषा ओलांडावयास सांगतात. एकेक रेषा ओलांडताच त्यास एकेक पूर्वजन्म आठवतो आणि सातव्या रेषेपलीकडे तो वेद म्हणू लागतो. विद्या जन्माची बांधील नाही, असे त्या प्रसंगाचे तात्पर्य वाटते. परंतु कथा पुढे जाते. अंगावरची विभूति धुतली जाताच तो पूर्वस्थितीस येतो. पस्तिसाव्या अध्यायात तर एका स्त्रीने मंत्र मागितला असता, स्त्रियांस मंत्रोपदेश देऊ नये, असे सांगून कचदेवयानीचे आख्यान दिले आहे आणि तिला सोमवारचे व्रत सांगितले आहे. ग्रंथ पूज्य आहे. पण तो वाचताना ही दोन्ही पाने डोळे उघडे ठेवून वाचली पाहिजेत.

विसाव्या शतकाने हा प्रश्न मंदिराच्या गाभाऱ्यातून चव्हाट्यावर आणला. १८९९ साली कोल्हापुरी कार्तिकस्नानाच्या वेळी श्रीशाहूछत्रपतींसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघडकीस आले. ते निदर्शनास आणणारे राजारामशास्त्री भागवत हे कोकणचेच सुपुत्र, कशेळीचे. या वादातून राजोपाध्यांचे वतन १९०२ साली जप्त झाले आणि पुढे १९२० साली महाराजांनी स्वतंत्र क्षात्रजगद्गुरु पीठ स्थापिले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी रत्नागिरीस दानशूर भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर सर्व हिंदूंस खुले झाले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणाने पंढरीच्या विठ्ठलाचे दार उघडले. आणि १९५६ साली लाखो बांधवांनी, या ग्रंथांकडून न्यायाची आशा सोडून, नागपुरी बुद्धधम्माचा मार्ग धरला. दार उघडावयास आपण किती उशीर केला, याचा हा हिशेब आहे; तो प्रत्येक ज्ञातिसंस्थेने प्रांजळपणे वाचावा.

या ठिकाणी एक घरगुती आठवण सांगण्याची अनुज्ञा असावी. आमच्या मसुऱ्याच्या घरी दत्तजयंतीपूर्वी गुरुचरित्राचा सप्ताह बसे. पोथी देवखोलीत, वाचणारे पुरुष सोवळ्यात चौरंगापुढे, आणि आमची आजी माजघराच्या दारापाशी, भिंतीला पाठ लावून. तिने पोथीस कधी हात लावला नाही. पण सात दिवस तिची बोटे गोमुखीत फिरत असत. ती गेल्यावर ती गोमुखी उघडली, तेव्हा तुळशीचे मणी झिजून अर्ध्यावर आलेले दिसले. वाचणाऱ्या पुरुषांपैकी कोणाच्याही माळेची ती अवस्था नव्हती. तिला मंत्र कोणी दिला होता? तो कोणता होता? घरातील एकालाही ठाऊक नव्हते. कारण आम्ही तिला कधी विचारलेच नाही. ज्ञानाच्या बाबतीत ग्रंथाने तिला दाराबाहेर ठेविले असे म्हणावे, तर विस्मृतीच्या बाबतीत आम्हीच तिला दाराबाहेर ठेविले.

या सर्व इतिहासातून आम्हांस असे वाटते की, मंत्राचे प्रामाण्य तीन ठिकाणी शोधले गेले : ग्रंथात, गुरूच्या मुखात आणि जपणाऱ्याच्या निष्ठेत. पहिल्या दोहोंबद्दल वाद झाले, खटले झाले, बहिष्कार पडले. तिसऱ्याबद्दल वाद घालण्याचे धैर्य कोणासही झाले नाही. रामेश्वरभट्ट शरण गेले ते तुकोबांच्या निष्ठेला. म्हणून ग्रंथांचा आदर राखूनही, आपल्या मुलींना, सुनांना आणि जो कोणी मागेल त्यास नामजप देताना आपण कचरू नये. त्याचबरोबर, यंत्रावर अखंड वाजणारा मंत्र म्हणजे जप, असाही समज करून घेऊ नये. अर्थाच्या चिंतनावाचून जप नाही, हे पतंजलींचे वचन तेथेही लागू आहे.

शेवटी आमची एक विनंति. आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरच्या वृद्ध माणसांपाशी, विशेषतः वृद्ध स्त्रियांपाशी, घटकाभर बसावे. त्यांना मंत्र कोणाकडून मिळाला, कोणत्या वर्षी, कोणत्या ठिकाणी, कोणती पोथी घरात होती आणि ती कोण वाचीत असे, हे विचारून वहीत उतरून घ्यावे. मंत्र स्वतः सांगू नये अशी कोणाची मर्यादा असेल तर ती राखावी. परंतु परंपरा लिहून ठेवण्यास कोणतेही शास्त्र आड येत नाही. बहिणाबाईंनी लिहिले म्हणून त्यांची कहाणी उरली. आमच्या आजीची उरली नाही. आपल्या आजीची उरावी, अशी श्रीभराडीमातेच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.