पेटीच्या कुळातलं विमान

घरच्या संगणकावर विमान उडवायचं आणि दुसऱ्या देशात बसलेल्या माणसाने नियंत्रक होऊन हेडफोनमधून त्याला वाट दाखवायची, या प्रकाराची कुळकथा बहुतेक जण १९८२ पासून सांगायला घेतात. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आला, पुढे इंटरनेट आलं, माणसं एकमेकांना जोडली गेली. हिशेब सरळ दिसतो, पण मला तो मान्य नाही. या घराण्याचा मूळपुरुष संगणकवाला नव्हता, ऑर्गनवाला होता. त्याच्या कारखान्यात जो भाता हलत होता, त्याचं सख्खं भावंड त्याच काळात आपल्या संगीत नाटकांना साथ करत होतं.

एडविन लिंक हा तो गृहस्थ. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. मूकपटांच्या थिएटरात वाजणारे मोठे ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो तिथे तयार होत. एडविनने १९२० साली विमानाचा पहिला धडा घेतला, तो चार्ली चॅप्लिनचा भाऊ सिडनी याच्याकडे. शिकणं फार महाग पडे आणि त्या धड्यात दांडी हातात आली म्हणावी अशी आलीच नाही. तेव्हा त्याने कारखान्याच्या तळघरात, हाताशी असलेल्या सामानातून एक ठेंगणं विमान उभं केलं. पंख आखूड, शेपूट आखूड, आत एक बैठक, आणि खाली चाकांच्या जागी ऑर्गनचे चार भाते. पेटंटचा अर्ज १९२९ चा, पेटंट मिळालं १९३१ साली.

हे भाते कसे चालत, यावर माझ्या साऱ्या म्हणण्याचा भार आहे. आपल्या भजनी मंडळातली पेटी हवा ढकलते: मागचा भाता दाबला की आत कोंडलेली हवा सुरांच्या पट्ट्यांमधून बाहेर निघते. अमेरिकी ऑर्गन उलटा चालतो. पायाने पावडी दाबली की भाता हवा ओढून घेतो, आणि बाहेरची हवा पट्ट्यांमधून आत शिरताना सूर उमटतो. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात आपल्या रंगभूमीवर जो पायाचा ऑर्गन रुजला तो याच ओढणाऱ्या जातीचा. त्याचा लांबणारा, काठ नसलेला सूर गद्यातून पदात शिरायला नटाला सोयीचा पडे. आपोआप वाजणाऱ्या पियानोचंही तेच तंत्र: कागदाच्या गुंडाळीला भोक आलं की हवा ओढली जाते, एवढासा भाता मिटतो, पट्टी खाली जाते. लिंकने हेच उचललं. शिकणाऱ्याने दांडी डावीकडे नेली की झडप उघडे, डावीकडच्या भात्यातली हवा ओढली जाई, भाता मिटे आणि विमानाची अख्खी पेटी डावीकडे कलंडे. पेटीला गोल फिरवणारी मोटरसुद्धा हवेवर चालणारी, पियानोच्या घरातलीच. म्हणून भजनातली पेटी या विमानाची चुलत बहीण म्हणावी आणि नाटकातला ऑर्गन सख्खा भाऊ. ही उपमा नव्हे, नातंच आहे.

याच्या आधीही जमिनीवरची विमानं झाली होती, हे प्रतिपक्षाचं पहिलं अस्त्र. फ्रान्समध्ये १९०९-१० च्या सुमारास आंत्वानेत कंपनीने पिंप अर्धं चिरून शिकणाऱ्याला त्यात बसवलं; भोवतीचे लोक पिंप हलवत आणि शिकणारा चाकं फिरवून ते सावरायला बघे. इंग्लंडातही तेव्हा असाच एक खटाटोप झाला. मी हे पूर्वज नाकारत नाही. पण त्या पिंपाशी कोणी बोलत नव्हतं. लिंकच्या पेटीशी बोलणारा एक माणूस होता, आणि माझं सगळं म्हणणं त्या माणसाविषयी आहे.

त्याआधी टपालाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा धागा नागपूरला येऊन टेकतो. लिंकची पेटी सुरुवातीला विमानशाळांनी घेतली नाही. ती जत्रेतल्या करमणुकीच्या जागी खपली. फेब्रुवारी १९३४ मध्ये रूझवेल्ट सरकारने हवाई टपालाचे खासगी करार रद्द केले आणि काम लष्करी वैमानिकांवर सोपवलं. हिवाळा, रात्र, धुकं, आणि केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव नाही. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले. नूअर्कला लष्करी अधिकारी लिंकची वाट बघत होते. हवा इतकी वाईट होती की तो येईल असं त्यांना वाटलंच नाही. तो बिंगहॅम्टनहून उपकरणांवर विमान आणून उतरला. लष्कराने ३५०० डॉलरला एक याप्रमाणे सहा पेट्या घेतल्या. पुढे महायुद्धात दहा हजारांच्या आसपास बनल्या.

आता आपल्याकडे या. ३० जानेवारी १९४९ पासून भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं निघत, मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर भेटत, थैल्या आणि उतारूंची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतत. मुंबई-नागपूर सरळ रेष ओढली तर ती आर्वी तालुक्यावरून जाते, म्हणजे मुंबईच्या विमानाचा घरघराट वर्धा जिल्ह्याने वर्षानुवर्षं झोपेत ऐकला असणार. ज्या कामाने अमेरिकेत लिंकची पेटी विकत घ्यायला लावली, रात्रीचं टपाल, त्याच कामाने नागपूरला देशाच्या रात्रीच्या उड्डाणांचा मध्यबिंदू केलं. याला योगायोग म्हणा. मला मात्र यात एकच गरज दोन ठिकाणी दिसते: अंधारात आपण कुठे आहोत हे वैमानिकाला कोणीतरी दुसऱ्याने सांगावं लागतं.

तो दुसरा माणूस लिंकच्या पेटीशेजारी टेबलावर बसे. शिकणाऱ्याच्या डोक्यावर झाकण ओढलं की त्याला बाहेरचं काही दिसत नसे, फक्त समोरची घड्याळं. टेबलावर नकाशा पसरलेला, आणि त्यावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र चालायचं. त्याला खेकडा म्हणत. पेटी जिकडे ‘उडे’ तिकडे खेकडा सरके आणि मागे शाईची रेघ सोडे. शिक्षकाच्या कानाला हेडफोन, तोंडाशी मायक्रोफोन. रेडिओच्या वाटेवरचे मोर्स संकेत तोच वाजवी: एका बाजूला ‘ए’, दुसऱ्या बाजूला ‘एन’, आणि बरोबर वाटेवर दोन्ही मिसळून अखंड सूर. शिकणारा स्टेशनच्या जवळ आला की तोच हाताने आवाज वाढवी. टॉवरही तोच होई, उतरायची परवानगी तोच देई.

हे चित्र मी ज्या दिवशी नीट समजून घेतलं त्या दिवसापासून ऑनलाइन सिम्युलेशनकडे मला दुसऱ्या नजरेने पाहताच आलेलं नाही. व्हॅटसिम या ऑनलाइन उड्डाणाच्या हौशी जाळ्यावर नियंत्रक होऊन बसलेल्याला काय दिसतं? विमान नाही. नकाशावर सरकणारा ठिपका आणि त्यामागची खूण. त्याच्याकडे काय असतं? कान आणि मायक्रोफोन. वैमानिकाला नियंत्रक दिसत नाही, नियंत्रकाला वैमानिक दिसत नाही. मध्ये फक्त आवाज. खेकडा कागदावरून पडद्यावर गेला, टेबल दुसऱ्या खंडात गेलं, बाकी मांडणी तीच.

दुसरी अस्त्रं यापेक्षा धारदार आहेत. इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाच्या सामायिक संगणकावर १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘एअरफाइट’ हा खेळ चाले. वेगवेगळ्या खोल्यांतली मुलं एकाच आकाशात एकमेकांची विमानं पाडत. त्याच विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविकने १९७५ मध्ये उड्डाणाच्या संगणकी चित्रावर प्रबंध लिहिला, पुढे सबलॉजिक कंपनी काढली, आणि तिचाच सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टने घेतला. एअरफाइट पाहूनच आर्टविकला सुचलं, असं काही जण सांगतात. सांगोत. ते खरं धरलं तरी त्यातून चित्राचं कूळ सिद्ध होतं, संवादाचं नाही. एअरफाइटमध्ये कोणी कोणाला परवानगी मागत नव्हतं. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात सिमनेट या नावाने रणगाड्यांचे सिम्युलेटर जाळ्यात जोडले, तेही पूर्वज म्हणून पुढे केले जातात. तिथे आवाज होता, पण मध्यभागी लढाई होती. विमानांना एकमेकांपासून दूर ठेवणं हेच ज्याचं एकमेव काम, तो माणूस तिथे नव्हता.

तो परत आला १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, तेही हौशी लोकांच्या हातून. दोन प्रोग्रॅम जोडीने निघाले. स्क्वॉकबॉक्स वैमानिकासाठी, प्रोकंट्रोलर नियंत्रकासाठी. पेटी आणि टेबल पुन्हा वेगवेगळे झाले. आधी संवाद टाइप करून चाले, नंतर आवाजाने. मग सॅटको ही संघटना झाली, १९९८ मध्ये इव्हाओ निघाली, २००१ मध्ये व्हॅटसिम. लिंकच्या टेबलापासून या हौशी लोकांपर्यंतचा दुवा कागदावर सापडत नाही. माझा तर्क असा, की तो माणसांतून आला: युद्धात पेटीत बसलेल्या लाखो वैमानिकांतले कित्येक पुढे शिक्षक झाले, आणि रेडिओचा सराव जमिनीवर समोरासमोरच्या दोन खुर्च्यांत होतो हे त्यांनी पुढच्या पिढ्यांना इतकं सहज शिकवलं, की ते कोणाला शोध वाटेनासं झालं.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. लिंकचा शिक्षक नियंत्रक नव्हता, परीक्षक होता. नियंत्रकाचं सोंग त्याने परीक्षेसाठी घेतलं होतं. मला यात माझाच पुरावा दिसतो. अमेरिकेत २०११ पासून पायलटएज ही वर्गणी घेऊन चालणारी सेवा आहे. तिथले नियंत्रक पगारी असतात, दक्षिण कॅलिफोर्नियासह अमेरिकेच्या पश्चिमेकडचं आकाश सांभाळतात, आणि ठरावीक पातळ्यांची उड्डाणं वैमानिकाने नीट केली की नाही याचा निकालही देतात. सोंग आणि परीक्षा पुन्हा एकाच खुर्चीत आली.

कारखान्याची वंशावळ त्याहून रंगतदार आहे. लिंकची कंपनी १९५४ मध्ये जनरल प्रिसिजनकडे गेली आणि ती कंपनी १९६८ मध्ये सिंगरकडे. आपल्या घराघरांत ज्याचं पायाचं शिवणयंत्र होतं तोच सिंगर. १९८८ मध्ये कॅनडाच्या सीएई कंपनीने लिंक विकत घेतली, १९९५ मध्ये ह्यूजला विकली. मग रेथियन, मग एल-३, आणि २०२१ मध्ये लिंक हे नाव पुन्हा सीएईकडे आलं. हीच सीएई भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या भागीदारीत गोंदियाजवळच्या बिरसीला वैमानिकांची शाळा चालवते. बिंगहॅम्टनच्या तळघरातला वारसा फिरत फिरत विदर्भात येऊन पोचला आहे, आणि गोंदियाच्या शाळेतल्या मुलांना हे कोणी सांगत असेल असं मला वाटत नाही. सांगायला हवं.

गोंदियालाच प्राधिकरणाची दुसरी संस्था आहे, हवाई नियंत्रकांना घडवणारी. तिथल्या सिम्युलेटरमध्ये मांडणी उलटी होते. शिकाऊ नियंत्रक रडारसमोर बसतो आणि त्याच्याशी बोलणारी सगळी ‘विमानं’ म्हणजे पलीकडे बसलेली माणसं असतात. त्यांना तोतया वैमानिक म्हणता येईल. लिंकने शिकाऊ वैमानिकाला तोतया नियंत्रक दिला, नियंत्रकांच्या शाळांनी शिकाऊ नियंत्रकाला तोतया वैमानिक दिला. व्हॅटसिमने या दोन सोंगांना एकमेकांसमोर बसवलं. दोन्ही बाजूंना शिकणारेच, आणि दोघांनाही समोरचा खरा वाटतो.

वर्ध्याच्या मुलाला या ऑनलाइन सरावाचा उपयोग नेमका कुठे होतो? पश्चिमेला अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडिया ३४ विमानांची प्रशिक्षण संस्था उभी करते आहे, पूर्वेला नागपूर फ्लाइंग क्लब आणि त्यापुढे गोंदिया. या वाटेवर प्रत्येकाला आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलण्याचा परवाना, काढावा लागतो. ही परीक्षा वर्षानुवर्षं दूरसंचार विभाग घेई; भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला तशी ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे आली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची इथे दातखीळ बसते. विमान सांभाळणं, कानात तीन जणांचं इंग्रजी, त्यातून आपली हाक ओळखणं आणि सांगितलेली उंची, दिशा, दाब तसाच्या तसा परत म्हणून दाखवणं, हे सारं एकाच वेळी करावं लागतं.

त्यात चूक झाली तर काय होतं, हे चरखी दादरीला दिसलं. १२ नोव्हेंबर १९९६ ला सौदी आणि कझाक विमानं तिथे हवेत आदळली आणि ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, तरी ते त्याखाली उतरलं. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा रेडिओवाला वेगळा होता आणि दांडी धरणारे वेगळे. ऐकणं आणि उडवणं एकाच डोक्यात राहावं, यासाठीच हा सराव.

मर्यादा स्पष्ट आहेत. घरचे तास डीजीसीएच्या लॉगबुकात धरले जात नाहीत. व्हॅटसिमवरचे नियंत्रक स्वयंसेवक असतात, त्यांची बोली आणि शिस्त सारखी नसते. कित्येक संध्याकाळी नागपूरला कोणीच बसलेलं नसतं आणि मग १२२.८ वर आपणच आपला ठावठिकाणा सांगत उतरावं लागतं. रडरवरचा पाय, वाऱ्याचा धक्का, पोटात येणारा गोळा यातलं काही इथे नाही. लिंकच्या पेटीत निदान खाली कलंडणारा भाता तरी होता.

पण नागपूरची ती खुर्ची रिकामी राहायचं कारण नाही. व्हॅटसिमला पैसे पडत नाहीत आणि वयाची अट तेरा वर्षं आहे. एस-वन पातळीवर आधी जमिनीवरची विमानं हाताळायची, एस-टूला टॉवर, एस-थ्रीला विमानतळाकडे येणारी-जाणारी विमानं, आणि मग सी-वनला मार्गावरचं आकाश. ज्याला वैमानिक व्हायचं आहे त्याने आधी सहा महिने या टेबलाच्या बाजूला बसावं, असं माझं ठाम मत आहे. सोनेगावला उतरू पाहणाऱ्या चार विमानांना स्वतः ओळीत लावल्यावर, पाचव्या विमानात बसून आपण कधी बोलायचं आणि कधी बटण सोडून ऐकायचं, हे शिकवायला दुसरा शिक्षक लागत नाही.