बॉयकॉट : एका आडनावाची कथा

आयर्लंडमधील मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली खंडात मागितलेली सूट मिळेना, तेव्हा कुळांनी काठी न उगारता त्याच्याशी व्यवहारच तोडला. मजूर, लोहार, दुकानदार, कोणी त्याच्याकडे फिरकेना. अखेर पीक काढायला बाहेरून ५० माणसे आली. त्यांच्या राखणीला सुमारे १,००० शिपाई! वर्ष सरण्यापूर्वीच त्याचे आडनाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसले.

१९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत हा शब्द आपल्याकडे गाजला. टिळकांच्या चतुःसूत्रीत तो 'बहिष्कार' म्हणून आला. पण वाळीत टाकणे आपल्या गावांना कुठे नवे होते? तेथे पाणवठा आणि पंगत तोडून दुबळ्यालाच वाकवीत. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली काढलेल्या पत्राचे नावच 'बहिष्कृत भारत'. वाळीत टाकण्याविरुद्धचा मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरविला; महाराष्ट्रात नवा कायदा व्हायला २०१६ साल उजाडले.

मेयोतील कुळांजवळ या शस्त्रावाचून दुसरे काही नव्हते. वाळीत टाकणाऱ्या पंचांजवळ सारेच असते. शब्द मात्र दोघांनाही एकच!