महाविद्यालयीन प्रवेश आणि वनजिल्हे

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत खासगी शाळांतून मुलांना शिकविणाऱ्या कुटुंबांची प्रवेशविषयक चिंता ही केवळ गुणांची चिंता नव्हे. तिला प्रादेशिक इतिहास आहे. त्या इतिहासाचे सूत्र दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात, व्यावसायिक व शास्त्रीय शिक्षणसंस्थांत प्रत्येक घटकाच्या विद्यार्थ्यांसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात पुरेशी तरतूद व्हावी, असे कलम होते. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्येही तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींच्या न्याय्य व्यवस्थेचा अंतर्भाव झाला. मात्र दोन्ही ठिकाणी मापाचे एकक 'विदर्भ' हेच राहिले. त्या एककात तत्कालीन चांदा जिल्ह्याला निराळे स्थान नव्हते. १९६४ मध्ये त्याचे नाव चंद्रपूर झाले आणि १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. परंतु एकक बदलले नाही.

याचा परिणाम वैद्यकीय प्रवेशाच्या ७०:३० सूत्रात स्पष्ट दिसतो. या सूत्रानुसार राज्याच्या वाट्यातील ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना मिळत. म्हणजे अहेरीच्या विद्यार्थ्याला लातूरच्या स्पर्धेपासून काही आडोसा होता, नागपूरच्या स्पर्धेपासून मुळीच नव्हता. शिवाय बारावी जेथून उत्तीर्ण व्हावी तो विभाग विद्यार्थ्याचा ठरत असल्याने, ऐपत असलेल्या पालकांपुढे पेच उभा राही : शिकवणीसाठी मुलास लातुरास धाडावे, तर विदर्भाचा हक्क जाई, घरी ठेवावे, तर तयारी उणी पडे. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने हे सूत्र रद्द केले. पेच सुटला, पण आडोसाही गेला.

संस्थांची वाढ या मानाने मंद होती. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले आणि चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत उच्च व व्यावसायिक शिक्षणाची वाट बहुधा नागपुरावरूनच जाई, आणि वसतिगृह व प्रवासाचा भार कुटुंबावर पडे. खासगी शाळेचे शुल्क भरणारे घर तो भार कष्टाने का होईना पेलू शके. वनग्रामातील घराला तो पेलणे दुरापास्त होते.

तात्पर्य, विभागाला दिलेला न्याय विभागातील दुर्बळ जिल्ह्यापर्यंत आपोआप झिरपत नाही. करारात शब्द होते, त्यांना जिल्ह्याचे माप नव्हते. आणि जवळच्या संस्थेवाचून नुसता जागांचा हिस्सा अपुराच ठरतो.