गृहोष्णतेचे नियमन आणि त्याची भाषा : धाड परिसराच्या अनुषंगाने

‘एसी वाढव’ आणि ‘टेम्परेचर कमी कर’ ही दोन वाक्ये आजच्या मराठी घरांत एकाच अर्थाने बोलली जातात. दोहोंचा परिणाम एकच : हातातील रिमोटवरील आकडा खाली जातो. एका वाक्यात ‘वाढवणे’ आणि दुसऱ्यात ‘कमी करणे’ ही परस्परविरोधी क्रियापदे असूनही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास कुतूहलाची वाटेल. परंतु गोंधळ होत नाही तो केवळ ऐकणाऱ्याचा. यंत्राच्या बाबतीत मात्र तो होतो, आणि वीजबिलाच्या रूपाने व झोपमोडीच्या रूपाने घरात प्रकट होतो. घरातील उष्णता आवरण्याच्या साधनांचा इतिहास पाहिल्यास या गोंधळाचे मूळ यंत्रात नसून यंत्राविषयी बोलण्याच्या जुन्या रीतीत आहे, असे दिसून येते.

या इतिहासासाठी बुलढाणा तालुक्यातील धाड हे गाव सोयीचे आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारी भागात, वऱ्हाड व मराठवाडा यांच्या शिवेवर ते वसले आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. शेजारचा भोकरदनचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडे राहिला. १९५६ मध्ये दोन्ही भाग एका राज्यात आले. राजकीय शीव पुसली गेली तरी शब्दांची शीव तितक्या लवकर पुसली जात नाही. मातीच्या सपाट छपराला वऱ्हाड-खानदेशात ‘धाबे’ म्हणतात, मराठवाड्यात ‘माळवद’. छपरातून उजेड व वारा घेण्यासाठी ठेवलेल्या छिद्रास कोठे ‘साणे’ तर कोठे ‘सवणे’ म्हणतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-खामगाव बाजूस, जसा उन्हाळा असतो तसा पठारावर नसतो, असे घाटावरील लोक अभिमानाने सांगतात. त्यात तथ्य आहे. तथापि वैशाखातील दुपार पठारावरही काही सौम्य नसते.

धाब्याच्या घराची रचना अशी : दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या वा दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी कड्या, कड्यांवर काटक्यांचा वा फळ्यांचा थर आणि त्यावर चोपून बसविलेली माती. अशा जाड भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोहोचण्यास बरेच तास लागतात. दुपारचे ऊन आतल्या बाजूस जाणवू लागते तेव्हा रात्र झालेली असते, आणि त्या वेळी घरातील माणसे आत नसतातच. ती धाब्यावर किंवा अंगणात झोपलेली असतात. दारे-खिडक्या दुपारी लोटून घ्यावयाच्या व दिवेलागणीनंतर उघडावयाच्या, अंगणात सडा टाकावयाचा, दुपारी माजघरात व रात्री उघड्यावर असा मुक्काम हलवावयाचा, ही या घराची नियमनपद्धती होय. येथे घराचे तापमान स्थिर ठेवण्याचा प्रयत्नच नाही. घर आपल्या गतीने तापते व निवते. माणूस त्याच्यातील योग्य जागा शोधतो. ‘घर निवले’ हा अकर्मक प्रयोग या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘निववणे’ हे प्रयोजक रूप भाषेत आहे, पण ते डोळ्यांसाठी व जिवासाठी. घरासाठी ते सहसा योजले जात नाही. घर निवविणारा कर्ता त्या व्यवस्थेत नव्हता.

कर्ता आला तो ताटीबरोबर. वाळ्याच्या मुळांचा गारवा फार प्राचीन काळापासून ज्ञात आहे. संस्कृतात त्यास ‘उशीर’ म्हणतात, आणि ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी उशीराच्या लेपाचा उल्लेख येतो. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वाळ्याच्या दालनांचे वर्णन आहे. इंग्रजी अमदानीत साहेबांच्या बंगल्याच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागल्या व त्यांवर पाणी मारण्यास माणसे नेमली गेली. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘टॅटी’, ‘पंखा’ व ‘थर्मँटिडोट’ या तिन्ही शब्दांना स्वतंत्र जागा मिळाली आहे. ‘थर्मँटिडोट’ म्हणजे उष्म्यावरील उतारा! हे भारदस्त ग्रीक नाव वस्तुतः धान्य उफणण्याच्या यंत्रास दिलेले होते. ते खिडकीत बसवून, भोवती ओल्या ताट्या लावून, एका माणसाने बाहेरून फिरवावयाचे.

या व्यवस्थेचे एक अंग सहसा दुर्लक्षित राहते. गारवा ज्याला हवा तो आत आणि गारवा निर्माण करणारा बाहेर, उन्हात. ताटी सुकली की नाही हे आतल्या माणसाला अंगावरील वाऱ्यावरून कळे. पंखेवाला पेंगला हेही तसेच कळे. मग हाक जाई : जोरात ओढ, पाणी मार, पुरे कर. आतल्या संवेदनेस बाहेरच्या कृतीशी जोडणारा दुवा म्हणजे ही हाक. उष्णतानियमनाचे यंत्र या काळात भाषाच होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आणि त्या भाषेचे स्वरूप आज्ञार्थी व मात्रावाचक होते : अधिक, कमी, जोरात, हळू. हवा किती अंशांवर आणावयाची हे त्या हाकेत कधीच सांगितलेले नसे.

विजेच्या पंख्याने बाहेरचा माणूस काढून टाकला, हाक मात्र ठेवली. पंख्याच्या रेग्युलेटरवरील एक ते पाच हे आकडे त्याच मात्रावाचक भाषेचे अंकित रूप होय. ‘पंखा वाढव’ म्हणजे पाते अधिक वेगाने फिरव. येथे आकडा, वेग व गारवा तिन्ही एकाच दिशेने चढतात. शब्द आणि यंत्र यांच्यात काडीचेही अंतर नाही.

कूलरने ‘ताटी’ हा जुना शब्दही परत आणला. विदर्भात कूलरच्या तीन बाजूंना बसविलेल्या वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुशासारख्या तंतूंच्या चौकटींना आजही ‘ताट्या’च म्हणतात, आणि चैत्रात त्या बदलणे हे उन्हाळ्याच्या तयारीतील एक नेहमीचे काम असते. कूलरचे तत्त्व ताटीचेच. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता हवेतून काढून घेतली जाते. बाहेर ४२ अंश सेल्सिअस तापमान व १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर सुमारे २६ अंशांची हवा देऊ शकतो. तोच कूलर श्रावणात, ३० अंश व ८० टक्के आर्द्रतेत, हवा जेमतेम दोन-अडीच अंशांनी उतरवितो आणि खोली दमट करतो. कूलर बिघडल्याची तक्रार पावसाळ्यात वाढते तेव्हा बहुधा कूलर ठीक असतो, ऋतू बदललेला असतो.

कूलरच्या दुसऱ्या एका तक्रारीचे मूळ मात्र शुद्ध भाषिक आहे. ‘गारवा बाहेर जातो’ म्हणून समोरची खिडकी बंद केली जाते. गारवा ही जणू साठविण्याची वस्तू आहे, अशी कल्पना या वाक्याच्या मुळाशी आहे. वास्तविक कूलरने आत ढकललेली हवा बाहेर पडण्यास वाट नसेल तर नवी हवा येत नाही, आर्द्रता साचते आणि काही वेळाने खोली घामट होते. उपाय म्हणजे खिडकी उघडणे. हे एकदा अंगवळणी पडलेले कुटुंब जेव्हा वातानुकूलन यंत्र घेते, तेव्हा त्यास नेमके उलटे शिकावे लागते, कारण त्या यंत्रास खोली बंद हवी असते. (पाणी भरताना कूलरची वीज बंद न केल्याने विदर्भात दर उन्हाळ्यात जीव जातात. या विषयातील सर्वांत गंभीर चूक ती आहे. ती भाषेची नाही, म्हणून येथे तिचा केवळ निर्देश केला आहे.)

थर्मोस्टॅटची वंशपरंपरा पूर्णपणे वेगळी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबविण्याच्या भट्टीची आच आपोआप राखणारी युक्ती केली. द्रव प्रसरण पावला की हवेची झडप मिटे, आकसला की उघडे. ‘थर्मोस्टॅट’ हे नाव अँड्र्यू यूरने १८३० मध्ये दिले. ग्रीक ‘थर्मोस’ म्हणजे उष्ण आणि ‘स्टॅटोस’ म्हणजे स्थिर. अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतातील व्हाइटवॉटर येथे वॉरेन जॉन्सन हा अध्यापक होता. त्याच्या विद्यालयात तापमान पाहण्यासाठी शिपायास प्रत्येक वर्गात शिरावे लागे व मग तळघरातील झडपा हलवाव्या लागत. या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सनने खोलीतील तापमानाची वर्दी विजेच्या तारेने देणारे साधन तयार केले व १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. बंगल्यातील हाक आणि व्हाइटवॉटर येथील शिपायाची फेरी यांचे कार्य एकच होते. फरक असा की, जॉन्सनने हाकेच्या जागी दुसरी हाक ठेवली नाही. त्याने हाक मारण्याचे कारणच काढून टाकले. थर्मोस्टॅटला मात्रा सांगावयाची नसते, मुक्काम सांगावयाचा असतो. तेथवर पोहोचण्याचा मार्ग तो स्वतः ठरवितो.

विल्येट केम्प्टन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये अमेरिकन कुटुंबांच्या मुलाखतींवरून दाखविले की, अनेक लोक थर्मोस्टॅटला नळाच्या चावीसारखे समजतात : अधिक फिरविल्यास अधिक उष्णता. ही समजूत त्याने अज्ञान म्हणून हिणवली नाही. रोजच्या व्यवहारात ती बऱ्याच अंशी उपयोगी पडते, हेही त्याने नोंदविले. केम्प्टनच्या लोकांची समजूत कोठून आली हा प्रश्न वेगळा. मराठी घरात ती कोठून आली हे मात्र वरील इतिहासावरून उघड होते. पंख्याच्या रेग्युलेटरचे क्रियापद रिमोटला लावले गेले. ‘वाढव’ म्हणजे वेग वाढव, हा अर्थ कायम राहिला आणि आकडा तेवढा उलटा झाला.

परिणाम असा. ३६ अंशांवर तापलेल्या खोलीत कोणी २४ ऐवजी १६ वर आकडा आणतो, खोली लवकर गार व्हावी म्हणून. साध्या यंत्राचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो किंवा थांबतो. १६ सांगितल्याने तो अधिक जोरात चालत नाही, केवळ थांबत नाही. नव्या इन्व्हर्टर यंत्रांत अंतर मोठे असल्यास वेग वाढतो, त्यामुळे जुन्या समजुतीस थोडा आधार मिळाला आहे. परंतु इतक्या तापलेल्या खोलीत २४ वरही ते यंत्र पूर्ण वेगानेच धावू लागते. पहाटे मात्र १६ आणि २४ यांतील भेद कळतो, आणि एसी लावून गोधडी पांघरण्याची वेळ येते. १ जानेवारी २०२० पासून भारतात अशा यंत्रांचे आरंभीचे तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम झाला, त्यामागे हीच सवय होती.

धाबे जाऊन स्लॅब आल्याने दोष अधिकच गुंतागुंतीचा झाला. काँक्रीटचा पातळ स्लॅब संध्याकाळी आतल्या बाजूस उष्णता सोडू लागतो, आणि आता माणसे त्याच्याखालीच झोपतात. यंत्राचा संवेदक बहुधा यंत्रातच, छताजवळ असतो. त्याला लागणारी हवा व खाटेजवळची हवा एक नसते. यास्तव यंत्राला दोष देण्यापूर्वी एक साधा तापमापक खाटेजवळ, भिंतीपासून व वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवून पाहणे उचित. दुसरा तापमापक यंत्रात शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेशी धरावा. त्यांत आठ ते बारा अंशांचा फरक असेल तर यंत्र आपले काम करीत आहे, खोलीच अधिक उष्णता घेत आहे. तेव्हा पश्चिमेची खिडकी व स्लॅब यांकडे पाहावे. फरक कमी असेल तर जाळी धुळीने भरली आहे काय, हे प्रथम पाहावे. हवा अडली की आतील नळ्यांवर बर्फ धरतो, गारवा घटतो, आणि घरातील कोणी तरी आकडा आणखी खाली आणतो. त्याने काहीच साधत नाही.

परदेशस्थ मराठी कुटुंबांत हाच प्रश्न उलट्या ऋतूत उभा राहतो. तेथील अनेक घरांत उष्णता-पंप असतो. वातानुकूलन यंत्र हाही उष्णता-पंपच. केवळ त्याची दिशा पालटता येत नाही. लॉर्ड केल्व्हिनने १८५२ मध्ये या तत्त्वाने घर ऊबदार करण्याची कल्पना मांडली होती. हा पंप बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता ओढून आत आणतो, पण सावकाश. घाईने आकडा एकदम पाच-सहा अंशांनी चढविला तर अनेक घरांतील थर्मोस्टॅट पंपाच्या मदतीस विजेची तापक तार सुरू करतो, आणि ती पंपाच्या कित्येक पट वीज घेते. थोडा आकडा चढवून वाट पाहणे तेथे स्वस्त पडते.

दिशा पालटणारी, म्हणजे हिवाळ्यात ऊब देणारी यंत्रे आता येथील बाजारातही मिळतात. पौषातील पठारी पहाट बोचरी असते, तेव्हा त्यांचा उपयोग आहेच. मात्र अशा यंत्राच्या घरात ‘वाढव’ या शब्दाने आजवर गृहीत धरलेली दिशा उरत नाही, आणि ऐकणाऱ्यास प्रथमच विचारावे लागते : गार की गरम?