उलाळ, जू आणि हुक : ओढणारा कसा निवडावा, या प्रश्नाचा प्रवराकाठचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ अमेरिकेत घरासारखी ट्रॉली घेऊन प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न असतो : ती ओढायला पिकअप कोणता घ्यावा? प्रश्न परदेशी वाटतो. परंतु राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा आणि परिसराने हाच प्रश्न शंभर वर्षे सोडवला आहे. तेथे ट्रॉलीत संसार नव्हता, ऊस होता; आणि निवड चुकली की सहल नव्हे, अख्खा हंगाम बुडत असे.

२/ कथेचा आरंभ पाण्यापासून होतो. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९१० च्या सुमारास हाती घेतले गेले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोरडवाहू पट्ट्यात ऊस आणला. योगायोग असा की फोर्ड कंपनीने कारखान्यातूनच पिकअपची बांधणी असलेली मॉडेल टी बाजारात आणली ती १९२५ साली.

३/ ऊस हे विचित्र ओझे आहे. वजनाला जड, आकाराला अवजड आणि वेळेला अधीर. तोडल्यापासून त्याचे वजन घटते, रसातील साखर उतरू लागते. म्हणून फडापासून गव्हाणीपर्यंतची वाहतूक हा साखर उद्योगाचा गौण भाग कधीच नव्हता. हरेगावच्या बेलापूर कंपनीच्या काळापासून कारखान्याची गती वाहनांच्या गतीला बांधलेली होती.

४/ जुनी गाडी लाकडी चाकांची. तुंबा, आरे, पाट्या आणि वरून लोखंडी धाव. ही धाव अरुंद असल्याने काळ्या मातीत खोल रुतत असे. अशा गाडीची खरी मर्यादा चाकाची होती; बैल कितीही ताकदवान असला तरी त्याची निम्मी शक्ती मातीशी झगडण्यात जाई.

५/ बैलांची पारख हे त्या काळातील ‘इंजिन निवडणे’. घोडेगाव, लोणी येथील बाजारांत शेतकरी दात पाहून वय ठरवी, खूर तपासी, खांद्यावर हात फिरवी, चालवून पाही. चपळ चालीसाठी खिल्लार. अकोले-इगतपुरीच्या पावसाळी डोंगरातील चिखलासाठी डांगी. एकटा बैल उत्तम असून भागत नसे, जोडी जुळावी लागे. एक पुढे आणि एक मागे ओढू लागला की जू तिरके होते आणि मान सोलते.

६/ बैल दिवसभर सलग ओढू शकतो ते बळ त्याच्या वजनाच्या साधारण एक दशांश. म्हणजे ८०० किलोंची जोडी सुमारे ८० किलोंची ओढ टिकवते. सपाट पक्क्या रस्त्यावर चांगल्या चाकांची दोन टनांची गाडी त्यात निघते. पण वीस फुटांत एक फूट चढ आला की त्याच गाडीला १०० किलोंची ओढ जास्तीची लागते. कालव्याच्या भरावावर बैल गुडघे टेकतात, ते या हिशेबामुळे.

७/ हा हिशेब कायद्यातही उतरला आहे. ओढकाम करणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत ओझ्याची मर्यादा जनावराच्या आकारावर आणि गाडीच्या बेअरिंग व टायरवर ठरते. तीस मीटरमागे तीन मीटरहून अधिक चढ किमान एक किलोमीटर असेल, तर ती मर्यादा निम्मी होते. दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक नाही. मोटारगाडीच्या पुस्तिकेतील ‘कमाल ओढक्षमता’ हीच गोष्ट सांगते; फरक एवढाच की बैलाला पुस्तिका वाचता येत नाही.

८/ १९५०-५१ च्या हंगामात लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या या कारखान्याने उसाचा मालकच बदलला. शेतकरी सभासद झाला. परिसरात आणखी सहकारी कारखाने उभे राहिले आणि फडातून निघणाऱ्या गाड्यांची संख्या कल्पनेपलीकडे वाढली.

९/ याच काळात रबरी चाकांनी गाडी बदलली. हवेचा टायर आणि बेअरिंगचा आस यांमुळे त्याच जोडीला कितीतरी अधिक ऊस ओढता येऊ लागला. अनेक कारखान्यांनी अशा टायरगाड्या स्वतः बनवून तोडणी मजुरांना दिल्या. गाडी कारखान्याची, बैल मजुराचे. पाथर्डी, शेवगाव, बीडकडून येणारा गाडीवान उचल घेऊन जोडी विकत घेई. बैल मेला तरी उचल जिवंत राही.

१०/ गाडी भरण्याचे शास्त्र एका शब्दात आहे : उलाळ. भार मागे गेला तर जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याला फास बसतो. भार फार पुढे आला तर मानेवर दाब पडतो. कुशल गाडीवान मोळ्या अशा रचतो की जुवावर थोडाच, पण निश्चित भार राहावा. प्रवासी ट्रॉली ओढणारेही एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर ठेवतात. त्याहून कमी झाला तर वेगात ट्रॉली शेपटीसारखी झुलू लागते.

११/ मग ट्रॅक्टर आला. १९५९ मध्ये फरीदाबादला आयशर, १९६० मध्ये मद्रासला टॅफे, १९६३ मध्ये महिंद्रांच्या भागीदारीतील इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी. १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि यंत्रशेतीचे शिक्षण दारात आले. ऊस वाहतुकीत ट्रॅक्टरमागे एक नव्हे, दोन ट्रॉली जोडल्या जाऊ लागल्या.

१२/ येथे अश्वशक्तीचा भ्रम फार जणांना महाग पडला. ओढ ठरते ती मागच्या चाकांची जमिनीवरील पकड, गिअर आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन यांवर. दुचाकी ट्रॉलीचा भार हुकावर येतो, मागची चाके दाबली जातात, पकड वाढते. पण पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते. चारचाकी ट्रॉली आपला भार स्वतः वाहते. मग पकडीसाठी ट्रॅक्टरच जड असावा लागतो.

१३/ त्याहून मोठा प्रश्न थांबण्याचा. उतारावर बैल मागे रेलून गाडी थोपवतात. म्हणून गाडीवान बैल किती आवरतात हेही पाहतो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर भरलेल्या दोन ट्रॉलींचा रेटा एकट्या ट्रॅक्टरवर येतो. ट्रॅक्टर आडवा होतो, ट्रॉली त्यावर दुमडते. करंजी घाटासारख्या उतारावर माणसे भरलेली ट्रॉली असेल, तर हा प्रश्न यंत्रशास्त्राचा उरत नाही.

१४/ तरीही बैलगाडी संपली नाही, आणि यामागे मागासलेपण नव्हे, हिशेब होता. जवळचा फड, अरुंद बांध, ओली जमीन असेल तर बैल. लांबचा पल्ला आणि पक्का रस्ता असेल तर ट्रॅक्टर वा ट्रक. बैलांना डिझेल लागत नाही. तोडणीत निघणारे वाढे हाच त्यांचा हंगामातील चारा. शिवाय मजुराच्या दृष्टीने जोडी हे हंगाम संपल्यावर घरची शेती करणारे भांडवल होते.

१५/ शंभर वर्षांत ओढणारा बदलला, कसोट्या तीनच राहिल्या. जोडणीवर भार किती पडतो? सर्वांत कठीण चढ कोणता? आणि सर्वांत महत्त्वाचे : भरल्या ओझ्यानिशी उतारावर ते थांबते का? ‘किती ओढेल?’ हा बाजारातला प्रश्न आहे. ‘काय आवरेल?’ हा घरी परतणाऱ्याचा. हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली पुढे दिसली, तर अंतर राखावे. तिच्या चालकाने हा दुसरा प्रश्न विचारला होता की नाही, हे मागून कळत नाही.

(समाप्त)